राबाची काडी

खर्डी,
१४ मे २०२५

चि. शेखर यास सरिताताईचे अनेक आशीर्वाद.

तू वैशाखऱ्याला प्रियांकाच्या माहेरी सुखरूप आहेस, हे तिच्याकडून कळले. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आंबे यंदा गोड आहेत.

मी नागरिकशास्त्र शिकवते; तेव्हा समजावणे माझ्या स्वभावातच आहे. भगीरथकाकांनी जमिनीसाठी लावलेल्या दाव्यात निकाल लागेपर्यंत वरच्या तुकड्याला हात लावू नये, असा मनाई हुकूम तुला आणि आईला आहे. तू म्हणालास, "नांगर कुठं घातला? नुसता राब भाजला." अरे, पालापाचोळा आणि शेण पसरून रोपांची जागा भाजली, की भाताचा हंगाम सुरू झाला! हे काकांना कळते, तसे न्यायालयालाही कळेल.

कायद्याची रचना मोठी रेखीव असते बघ. हुकूम अन्यायाचा वाटला तर अपील करावे. तो मोडू मात्र नये. मोडल्यास मालमत्तेवर जप्ती येते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होते. उद्या दावा आपण जिंकलो, तरी हे मोडणे पुसले जात नाही.

इथवर शांतपणे लिहिले. आता तसे लिहवत नाही.

हुकूम मोडल्याचा काकांचा अर्ज आला आणि तू निघून गेलास. आई म्हणते, "मीच पेटवला राब, असा सांगन मी जज्जाला. बाईमानसाला नाय नेत गो आत. शेखर बोललाय."

शेखर, बायकांना कैद न करण्याची ती सवलत पैशाच्या वसुलीच्या हुकूमनाम्यापुरती आहे. इथे ती लागू नाही. शिवाय शपथेवर खोटे बोलणे हा वेगळा गुन्हा. वकील म्हणतात, तू स्वतः उभा राहून बिनशर्त माफी माग, पेरणी करणार नाही अशी लेखी हमी दे. न्यायाधीश कदाचित सौम्य होतील. कदाचितच. त्याहून अधिक आश्वासन मला देता येत नाही.

अंगावरून वारे गेल्यापासून आईचा उजवा हात लुळा आहे, हे काकांनाही ठाऊक आहे. त्यांचा वकील विचारणारच, आजी, काडी कशी ओढलीत? म्हणून आई सकाळपासून चुलीपुढे बसून डाव्या हाताने काड्या ओढते आहे. पेटी पायाच्या अंगठ्याखाली दाबून. बोटे भाजली, तरी थांबत नाही. आत्ताच एक पेटली, तर माझ्याकडे बघून हसली.

सोमवारी शहापूरच्या न्यायालयात तारीख आहे. तिचे नाव पुकारण्याआधी ये.

वाट पाहणारी, फार घाबरलेली,
तुझी ताई