विहीणबाई, कंपनीने मला यंत्र ठरवलं

आदरणीय आणि लाडक्या विहीणबाईंना,

इकडून वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे अर्धंच वाकता येतं, उरलेलं अर्धं पोचलं असं धरा). व्याह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. त्यांना म्हणावं डोळा चोळू नका, आणि पेपर वाचायची घाई करू नका, पेपरात बरं असं काही आलेलं नसतं. तुमचा स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला की अजून खाली बादलीच आहे? इकडे सगळे ठीक. तुमच्या जावयांचं पोट सुटलंय. (पोट सुटलं की ते तुमचे जावई आणि पगार वाढला की माझा मुलगा, हे आपलं पहिल्यापासून ठरलेलं आहे.)

हे सगळं फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता आणि मी मध्येच विसरते, मग आपण दोघी तिसऱ्याच कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलून फोन ठेवतो. पत्रात मध्ये कोणी बोलत नाही. शिवाय गोष्ट आपल्या भिंगरीची आहे. भिंगरी अर्धी तुमची नात, अर्धी माझी (नाक तुमचं, हट्ट कुणाचा ते आपण दोघी जाणतो), तेव्हा निम्मी बातमी तुमच्या हक्काची.

ती चष्म्याच्या दुकानात लागली आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते, आता बरं दिसतं की मघाशी बरं दिसत होतं असं विचारत राहते आणि घरी आली की गिटार घेऊन बसते. तर तिने त्या दुकानावरच एक गाणं रचलं. एक बाई नवा चष्मा घालते आणि पहिल्यांदा नवऱ्याचा चेहरा नीट बघते, असं काहीतरी आहे त्यात. (पुढे काय होतं ते गाण्यात नाही. मी विचारलं, तर म्हणाली, आजी, ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. मी ठरवलंय, पण तुम्हाला सांगण्यासारखं नाही.) गाणं फोनवर भरायचं तर बाहेरचा आवाज नको, म्हणून ती माझ्या कपड्यांच्या कपाटात शिरून, दार ओढून घेऊन गायली. मी बाहेर राखण करत होते. तुमच्या जावयांना नेमका तेव्हाच रुमाल हवा झाला आणि त्यांनी कपाट उघडलं. गाण्याच्या शेवटी जी दचकल्यासारखी तान आहे ना, ती त्यामुळे आहे. लोकांना ती मुद्दाम घेतली असं वाटतं.

मग तिने ते गाणं त्या फोनमधल्या गाण्याच्या दुकानात लावलं. हे दुकान मला तिने समजावून दिलं. म्हणजे असं, की आत सगळ्या जगाची गाणी आहेत, पाहिजे ते मागा, लगेच लागतं. मला वाटलं, झालं, आता आपली पोर सगळ्या जगाच्या शेजारी बसली. पण विहीणबाई, शेजारी बसणं वेगळं आणि कोणी वळून बघणं वेगळं. दुकानाच्या दारात ज्यांची तोंडं आधीच सगळ्यांना पाठ आहेत तेच बसलेले, आणि आमचं गाणं पार मागच्या फळीवर, पिंपाच्याही मागे. ज्याला नाव ठाऊक आहे त्यालाच सापडणार, आणि नाव आम्हालाच ठाऊक. त्यातून अर्ध्या मिनिटाच्या आत गाणं बंद केलं तर ऐकलं असं धरतच नाहीत म्हणे. तिच्या मैत्रिणींनी नुसती बदामाची खूण दाबली, छान छान म्हणाल्या, आणि ऐकलं एकीनेही नाही, कारण ते दुकान ऐकल्याचा हिशोब दाखवतं. (हे वाईट. आमच्या वेळी खोटं कौतुक पचायचं तरी.) पैशाचं मी विचारलं होतं. भिंगरी हसली आणि म्हणाली, आजी, त्यात चहा येत नाही, चहाचा वास येतो.

रोज सकाळी दात घासायच्या आधी ती फोन बघायची आणि तोंड एवढंसं करून दात घासायला जायची. त्यात चष्मेवाल्याने विचारलं, लांबच्या नव्या शाखेत जाशील का, सगळी शाखा तुझ्या ताब्यात देतो. चांगलंच आहे हो, पण मग सकाळी निघून रात्री परत, गाणं कधी करायचं? पोरगी मला म्हणाली, आजी, मला हजार माणसं नकोत. मला ओळखत नाही असं एक माणूस, एकच, माझं गाणं आपणहून ऐकतंय असं दिसलं तर मी नाही म्हणेन. नाहीतर गिटार विकून शाखेत जाते. शांतपणे म्हणाली. आपली भिंगरी आदळआपट करते तेव्हा मी घाबरत नाही, शांतपणे बोलली की घाबरते.

आता तुम्हीच सांगा, मी काय हातावर हात ठेवून बसणार? मी गाणं लावायला शिकले. खालच्या कोपऱ्यात एक गोल फिरणारा बाण आहे, तो दाबला की तेच गाणं संपलं की पुन्हा सुरू होतं, माणसाला हात लावावा लागत नाही. फोन पातेल्यात ठेवला की आवाज दुप्पट होतो हा माझा शोध. (तुमच्या जावयांनी एकदा न बघता त्याच पातेल्यात पाणी ओतलं, थोडक्यात निभावलं. फोन दोन दिवस डाळीच्या डब्यात वाळत घातला होता, अजून कानाला लावला की आत खुळखुळतं.) सकाळी उठल्यापासून गाणं चालू. झोपताना आवाज बंद करून उशीखाली, म्हणजे आत ते गातंय, वर मी घोरतेय, दोघांनाही एकमेकांचा त्रास नाही. दातांच्या डॉक्टरांकडेही नेलं. तिथे गाल सुजलेला एक मनुष्य बसला होता, त्याला मुद्दाम ऐकवलं. तिसऱ्यांदा लागल्यावर तो म्हणाला, आजी, आता नक्की दाढ दुखतेय की काय दुखतंय ते मला कळेनासं झालंय. तरी मी म्हणते त्याने ऐकलं.

आकडा असा चढला की काय सांगू. भिंगरी ब्रश तोंडात धरून घरभर नाचली. म्हणाली, आजी, कोणाला तरी आवडलं. मी म्हटलं, आवडणारच, आणि तोंड फिरवून भाजी चिरायला लागले. (भाजी आधीच चिरलेली होती.)

आणि मग त्या दुकानवाल्या कंपनीची चिठ्ठी आली. फोनवरच आली. आपल्या गाण्याचं ऐकणं अनैसर्गिक आढळलं, ते माणसाचं नसून यंत्राचं असावं असा संशय आहे, सबब गाणं काढून टाकण्यात आलं आहे. तुमच्या जावयांनी ती मोठ्याने वाचली, आणि वाचता वाचता त्यांचं लक्ष स्वयंपाकघरात गेलं, तिथे पातेलं गात होतं. गात होतं ते मध्येच गप्प झालं.

विहीणबाई, खोटं कशाला सांगू, मला आधी बरंच वाटलं. या घरात इतकी वर्षं राबले, कोणी यंत्र म्हटलं नाही, कंपनीने लांबून ओळखलं. पण भिंगरीचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. ओरडली नाही. माझ्याशेजारी येऊन बसली, पातेल्यातून फोन काढला, पदराला पुसावा तसा माझ्याच अंगावर पुसला आणि म्हणाली, म्हणजे सगळं तूच होतीस. मी म्हटलं, अगं दाढवालाही होता. मग ती रडली, आणि हसलीही, आणि दोन्ही एकदम केलं की तिला उचकी लागते ते तुम्हाला ठाऊक आहे.

कंपनीला मी जबाब लिहवला. मी माणूस आहे, मला गुडघे आहेत, चौथीपर्यंत शिकले आहे, एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकणं हे यंत्राचं नव्हे, आजीचं लक्षण आहे. चहा गाळायच्या आत उत्तर हजर. आपल्या भावना आम्ही समजतो. भिंगरी म्हणाली, आजी, हे यंत्राने लिहिलंय. म्हणजे बघा, यंत्राने मला यंत्र म्हणायचं आणि वर माझ्या भावना समजायच्या. मग तिने माझा पातेल्यासकट फोटो काढून पाठवला, आणि पुष्कळ दिवसांनी तिकडे कोणीतरी खरं माणूस जेवून उठलं असावं, गाणं परत लागलं. माझं ऐकणं मात्र सगळं खोडलं.

तरी त्या दुकानाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. एकदा मी बाण दाबायला विसरले, तर भिंगरीचं संपल्यावर त्याने आपल्याच मनाने दुसरं काहीतरी लावलं. आधी एक जण नुसताच ओरडला. त्यानंतर एक म्हातारा आला, माउथ ऑर्गन वाजवणारा. सूर लावण्याआधी श्वास घेतो तो ऐकू येतो, मध्ये खुर्ची करकरते, आणि वाजवतो असं की हातातलं काम थांबतं. मी कुठल्या दुकानात जाऊन म्हटलं असतं, की मला एक धापा टाकणारा म्हातारा द्या? त्याने न मागता दिला. त्या म्हाताऱ्याला ऐकणारं फारसं कोणी दिसत नाही. या वयात त्याला आजी असणं शक्य नाही, म्हणून मी ऐकते. दिवसातून एकदाच, माणसासारखं.

आणि आता मुख्य बातमी. माझं खोडून झाल्यावर भिंगरीने हिशोब उघडला, तर तो रिकामा नव्हता. एक फोन उरला होता. कोणीतरी रोज एकदा तिचं गाणं लावतं, मध्ये थांबवतं, मागे जाऊन तीच ओळ परत ऐकतं, मग पुढे. यंत्र असं करत नाही, हे कंपनीलाही मान्य. भिंगरी म्हणते, आजी, हे माणूस आहे, आणि मी याला ओळखत नाही. दुकान नाव सांगत नाही, नुसतं शहर सांगतं. शहर तुमचंच निघालं. दुसऱ्या दिवशी तिने शाखेला नाही म्हणून सांगितलं, आणि कपाटात आता दुसरं गाणं चाललंय, म्हणून मी सकाळपासून कालच्याच कपड्यांत आहे.

व्याह्यांना नमस्कार, लहानांच्या डोक्यावर माझा हात. स्वतःला जपा, आणि नळाचं तेवढं बघा.

तुमची,
विहीण (आणि कंपनीच्या मते यंत्र)

ता. क. व्याह्यांचा जुना चष्मा टाकू नका, भिंगरी म्हणते काचा बदलून कोणाला तरी होईल.

आणखी ता. क. हे मुद्दाम शेवटी लिहिते, कारण वरचं सगळं तुम्ही व्याह्यांना मोठ्याने वाचून दाखवाल, हे मनात वाचा. तुम्ही नेहमी म्हणता की तुम्हाला फोन नुसता उचलता येतो. पण परवा बोलताना तुम्ही मागे काहीतरी गुणगुणत होतात. ते तेच गाणं होतं की तुमचा मिक्सर होता, ते माझ्या कानांना सांगता येत नाही. तर विनंती अशी. तो फोन तुमचा असेल तर मला कळवू नका. मला खोटं बोलता येत नाही आणि पोरगी माझं तोंड वाचते. तुम्ही आपलं रोजच्यासारखं ऐकत राहा, मध्ये थांबवत जा, आणि तो गोल बाण चुकूनही दाबू नका. तुमचा नसेल, तर मात्र पत्र मिळताच फोन करा, कितीही उशीर झालेला असो, मी भिंगरीला उठवीन.

फोन आला नाही, तर पत्र पोचलं नाही असं मी धरीन. हल्ली टपालाचा काही भरवसा नाही.