पोळपाटाच्या जागी मशीन

मुक्काम मुकुटबन
कापूस वेचणीचे दिवस

तीर्थस्वरूप नागोभाऊ यांस,

तुमच्या घरच्या जावयाचा, म्हणजे पुंडलिकचा, वाकून रामराम. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, खरं काय ते पुढं येतेच. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनीचा खोकला बसला का? म्हैस व्याली असन तर खरवसाची आठवण ठेवा. तुमची बहीण, म्हणजे माही मंडळी, तुमच्याकडे सुखरूप पोचली हे मले यष्टीच्या कंडक्टरकडून कळलं, कारण तुम्ही फोन उचलत नाही, अन् उचलला तर 'नागोराव बाहेर गेले' असं तुमच्याच आवाजात सांगता. म्हणून हे पत्र. शकील मेकॅनिक उद्या बेरिंग आणायले मारेगावले येऊन राह्यला, त्याच्या हाती देतो. मैनानं तिकडे तिची बाजू सांगतली असनच. आता माही ऐका, अन् ऐकून झाल्यावर तिले परत पाठवायचं का नाही ते तुम्ही मोठे म्हणून ठरवा.

सुरुवात आपल्या पोरीनं, अपेक्षानं केली. पोरगी पुण्याहून दिवाळीले आली अन् पाहते तर आईचं मनगट सुजलेलं. आई म्हणे काही नाही, कणकेनं धरलं. झालं, परत गेल्या गेल्या पोरीनं आईसाठी एक मशीन पाठवून दिली. स्टँड मिक्सर म्हणतात तिले. आपला चटणीचा मिक्सर असते तशी नाही, नागोभाऊ. ही उभी. सासऱ्यापुढं नवा जावई उभा राहते तशी मान खाली घालून. त्या मानेखाली एक स्टीलचं मोठं भांडं, अन् तोंडात लावायले तीन हत्यारं: एक तारायचा पिंजरा (अंडे फेटायचा, जो आमच्या घरी माह्या माळकरी आईच्या फोटोसमोर नुसता काढायलेही भेव वाटते), एक पान, अन् एक आकडा. कणीक मळते तो आकडा. पुढचं सारं रामायण त्या आकड्याचं आहे, तेवढं ध्यानात ठेवा.

आता आमच्या घरची रीत तुमाले माहीत आहे. ट्रॅक्टर असो का फवारणीचा पंप, नवी मशीन पूजेशिवाय चालू होत नाही. हळद-कुंकू लावलं, स्वस्तिक काढलं, नारळ फोडला (मशीनवर नाही, उंबरठ्यावर, तेवढी अक्कल मले आहे, मैना काहीही म्हणो), अन् ट्रॅक्टरच्या चाकाखाली ठेवतो तसे तिच्या चारही पायाखाली लिंबं ठेवले. मशीनच्या पायाले रबर असते ते ओटा धरून राहायसाठी, पण लिंबावर चढवल्यावर रबर बिचारं काय धरन. त्यात बटन फिरवायचं ते हळूवर, मी फिरवलं ते पार शेवटावर, कारण पहिल्याच दिवशी मशीनले आळसाची सवय लागू नये. मशीन गरगरली अन् निघाली. लिंबावर बसून ओट्याओट्यानं निघाली, तेलाची बरणी आडवी केली, चहाची गाळणी सोबत घेतली, अन् वायर पुरली तोवर देवघराच्या दिशेनं गेली. मैना पदर तोंडाले लावून हसली. हसता हसता खालीच बसली. लग्नापासून तिले एवढं हसताना मी पाह्यलं नव्हतं, मले लय बरं वाटलं. तिथंच थांबलो असतो तर हे पत्र लिहायची पाळी आली नसती.

पण मशीन हलते म्हणजे तिले फाउंडेशन पाहिजे, हे शेतकऱ्याले कोणी शिकवायचं नसते. कडबा कुट्टीले मारतो तसे नट मारायचे ठरवलं. शकील म्हणे, काका, लिंबं काढून टाका, बस झालं, नट कायले मारता. मी म्हटलं लिंबं पूजेचे आहेत, असे कसे काढता येतीन. त्यानं मुकाट्यानं ओट्याले ड्रिल मारलं अन् लोखंडी पट्ट्यायनं मशीन कसून दिली. आता ओट्यावर सोयीची जागा एकच, खिडकीपाशी, उजेडाची, जिथं लग्नापासून मैनेचा पोळपाट राहते. पोळपाट मी धुऊन, पुसून, इज्जतीनं माळ्यावर ठेवला. मैना काही बोलली नाही. बाई बोलत नाही म्हणजे तिले कबूल आहे, असा माहा तोपर्यंतचा अंदाज होता.

मग मी कामाले लागलो. तुमाले वाटन पुंडलिक अन् स्वयंपाकघर? पण हे स्वयंपाकघर कुठं, ही तर मशीन आहे. पोळ्याची कणीक मळली, बेसनाचे लाडू फिरवले, कुकरमधी रेती टाकून केक केला (वरून कच्चा, खालून कोळसा, मधात चांगला होता), एक दिवस म्हशीची सरकीची ढेपही कालवली. ढेपीवरून मैना पहिल्यांदा बोलली. ती म्हणे मशीन पोरीनं माह्यासाठी पाठवली, मले हात तरी लावू द्या. मी तिले समजावून सांगतलं की मशीनले एका हाताची सवय लागली की दुसऱ्याचा हात चालत नाही, बैलाचं पाह्य ना. तिनं माह्याकडे असं पाह्यलं जसं की बैल मीच होय.

अन् मग गल्ली आली. शेजारची मानीबाई एक दिवस डब्यात पीठ घेऊन आली, म्हणे भाऊ, माहीही मळून द्या. आपल्याकडे मशीन म्हटली की गिरणी, अन् गिरणी म्हटली की डबा ठेवून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी दारात डब्यायची रांग. कोणी ज्वारीचं पीठ ठेवून गेलं, कोणी गव्हाचं, एका बाईनं तर गहूच ठेवले, म्हणे दळून, मळून, दोन्ही करा. मी कायले नाही म्हणू? उभ्या जिंदगीत गावानं मले कधी एवढं विचारलं नव्हतं. मैना रांगेतल्या बायायले चहा करून देऊन राह्यली होती, जमिनीवर बसून, कारण ओट्यावर जागा नव्हती.

आता मूळ गोष्ट. आपल्या पोराचे, गोपालचे, सासू-सासरे लोहाऱ्याहून आले. व्याही येते म्हणजे मडक्यावरच्या लांब रोट्या पाहिजेच. त्यात मैनेचा हात मी तुमाले काय सांगू. सैल कणीक आपटून आपटून तिले तार आणते, मग दोन्ही हातावर अशी लांबवते की पार कोपरापर्यंत येते, अन् पालथ्या मडक्यावर टाकते ते कुठं एक भोक नाही. तुमच्या बापानं मले ती रोटी खाऊ घातली अन् मी पोरगी पाहायच्या आधीच होकार दिला, हे तुमाले माहीत आहे. तर त्या दिवशी ती बाह्या वर करून बसली, अन् मी सगळ्यायच्या देखत म्हटलं की ऊठ, आता आपल्या घरी हाताचं काम राह्यलं नाही. व्याही वा वा म्हणाले. मले वाटलं नजर लागन, म्हणून मशीनच्या मानेले लिंबू-मिरची बांधली, काळा दोरा, मधात बिब्बा, सारं रीतसर.

मशीन फिरली. आकड्यानं आधी दोरा धरला, मग मिरच्या, मग लिंबू, अन् मी मशीनले 'बंद हो, बंद हो' म्हणत बटन उलटंच फिरवलं. कणकेले तार आली हे मात्र खरं. मी वरून वरून जे दिसलं ते वेचलं अन् तसंच पुढं ढकललं, कारण पाहुणे पाटावर बसले होते. रोट्या मैनेनं टाकल्या. पहिल्या घासाले व्याह्याच्या डोळ्याले पाणी आलं, मले वाटलं प्रेमानं. मग विहीणबाईनं रोटीतून काळा दोरा ओढला. ती ओढते, तो येते, ती ओढते, तो येते. मिरच्या सापडल्या, लिंबाची साल सापडली. बिब्बा सापडला नाही, नागोभाऊ. पाहुणे आपापल्या घरी गेले, तरी मी रोज फोन करून व्याह्याच्या पोटाची चौकशी करतो, अन् काहून विचारून राह्यलो ते सांगत नाही.

पाहुणे गेल्यावर मैनेनं हात धुतले, लुगडं बदललं अन् पिशवी भरली. 'आता तिच्याच हातचं खा', एवढंच म्हणाली. गाडी निघून गेल्यावर मले राग आला. म्हटलं खातोच. मशीनपाशी गेलो, भांड्यात पीठ टाकलं, अन् पाहतो तर मशीनच्या तोंडात आकडा नाही. ती आकडा घेऊन गेली. बायका माहेरी जाताना दागिने नेतात, तुमची बहीण आकडा घेऊन गेली.

इकडे डबे येतच आहेत. बंद आहे असं सांगतलं तर गाव विचारन काहून बंद आहे, मग मैना काहून गेली ते निघन. म्हणून मी दार लावतो, मशीन रिकामीच फिरवतो, म्हणजे बाहेर आवाज जाते, अन् आत खाली बसून सारी कणीक हातानं मळतो. गल्लीभरची. पिंजऱ्यानं करून पाह्यली, कणीक पिंजऱ्यात जाऊन बसते, बाहेर निघत नाही. आता माहं उजवं मनगट असं सुजलं आहे की ही ओळ लिहितानाही कळ येते. रात्री त्याले हळद बांधतो अन् मनात येते की हे तिचं रोजचं होतं, अन् ती म्हणे काही नाही. चूक कोणाची हे मी म्हणत नाही. लिंबायची आहे.

वहिनीले नमस्कार, पोट्ट्यायले आशीर्वाद.

तुमचा,
पुंडलिक

ता. क. मूळ काम लिहायचं राह्यलंच. शकीलच्या हाती आकडा तेवढा पाठवून द्या. मैनेच्या पिशवीत तळाशी असन. मले नको आहे, गल्लीतल्या बायायची अडचण होऊन राह्यली म्हणून म्हणतो.

ता. क. २. वरची ता. क. खोडतो. आकडा राहू द्या. आत्ताच मानीबाई येऊन गेली. म्हणे भाऊ, तुमची मशीन बिघडली, पोळ्या वातड होतात, मैनाबाईले बोलवा, तिच्याशिवाय ती नीट चालत नाही. मी हो म्हटलं. शकीलकडून नट काढून घेतले. मशीन खाली ठेवली आहे, मैनेले वाटन तिथं ती ठेवन, तिची आहे. पोळपाट खिडकीपाशी आणून ठेवला. ओट्याले चार भोकं राह्यले, ते मी सिमेंटनं बुजवले. पोळपाट जरा डुगडुगते.

ता. क. ३. बिब्बा सापडला. पोळपाटाखाली होता, म्हणूनच डुगडुगत होता. तिथं कसा गेला ते मले विचारू नका. व्याह्याले आता फोन करत नाही.

ता. क. ४. शकीलच्या हाती एक डबाही देऊन राह्यलो. त्यात मी हातानं मळलेली कणीक आहे. मैनेले उघडून दाखवा. हसली तर सांजच्या गाडीत बसवून द्या. नाही हसली, तरी डबा तिच्याच हाती पाठवा. डबा मानीबाईचा आहे, परत करणं भाग आहे.