वर गेलेला बाण

प्रिय धाकटे,

आई सांगत होती, पूर्ण गोळी पुन्हा सुरू झाल्यापासून तुझा घोगरा आवाज सुटला, आणि सुटल्यासुटल्या तू तो नवऱ्याच्या नावाने बोटं मोडण्यात खर्च केलास. उत्तम! प्रकृती सुधारत असल्याचं याहून खात्रीलायक लक्षण कुठल्या प्रयोगशाळेला सापडायचं नाही.

तुझे यजमान अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे आहेत, हे मी साखरपुड्यातच ओळखलं होतं. रिपोर्टात टीएसएचपुढे वर गेलेला बाण दिसला आणि स्वारीने निदान केलं: थायरॉईड फार जोरात चाललाय, औषध जास्त होतंय. रिपोर्ट डॉक्टरीणबाईंना दाखवायची तसदी कशाला? चष्मा नाकावर, हातात भाजीची सुरी, आणि एवढ्याशा गोळीचे दोन तुकडे, जणू हिराच कापताहेत! वर तुला म्हणाले, “विचारलंय मी.” तू समजलीस, डॉक्टरांनाच. चार महिने तू निम्म्या गोळीवर काढलेस आणि शेवटी कचेरीत, नकाशाच्या टेबलावर गाल टेकून झोपलीस. साहेबांनी ताकीद दिली, नणंदेने पहाटे फिरायचा सल्ला दिला, आणि मी तुला भर जेवणात कुंभकर्णाची धाकटी बहीण म्हणालो. काय एकेक रत्नं आहेत या कुळात!

परवा डॉक्टरीणबाईंकडे मी एकटाच जाऊन आलो. बाईंनी मला नापास विद्यार्थ्यासारखं समोर बसवलं. म्हणाल्या, टीएसएच हे ग्रंथीचं काम नव्हे. मेंदूच्या तळाशी बसलेला मुकादम ग्रंथीला जी हाक मारतो, ती ही. ग्रंथी जितकी मंद, तितकी हाक मोठी. म्हणजे बाण वर गेला, तर औषध कमी पडतंय! तुझ्या शरीराचे पहारेकरी अकरा वर्षं घरच्याच माणसाला, म्हणजे या ग्रंथीला, बडवताहेत, ते काही सुधारायचे नाहीत. गोळी जन्माची, आणि तिचं माप ठरवायचं बाईंनी. शाळकरी पोरालाही कळेल. आम्हा दीडशहाण्यांना नाही कळलं.

होय, आम्हा. तीस वर्षं मी वर्गात बजावत आलो, की शब्द अडला तर कोश उघडा, अंदाज ठोकू नका. तुझा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी तुझ्या नवऱ्याने फोन मलाच केला होता. ते बिचारे म्हणत होते, “दादा, डॉक्टरांना दाखवून येऊ का?” मी उत्तरपत्रिका तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, “अहो, वर म्हणजे जास्त. निम्मी करा. एवढ्याला डॉक्टर कशाला?” तू आईकडे निघून गेलीस त्याला महिना झाला, सगळ्या घराने त्यांना फाडून खाल्लं, त्यात माझे दात पुढे. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तेव्हा घरी जा. बोटं मोडायची राहिली असतील, तर पत्ता बदलून मोड.

तुझाच,
उंटावरचा दादा