विहिणीचा घास

१९ जानेवारी, सोमवार

अर्धं अंडं उरलं आणि मी रडले. उरलं म्हणून! पोटात जागा नाही, भूक तर नाहीच नाही, तरी हात वाटीकडे जात होता. पप्पा समोर बसले होते. म्हणाले, "तनू, राहू दे. मी खातो ते."

आता म्हणतात राहू दे! मला शाळेत घालायच्या आधी ह्यांनीच घरात शिकवलं — ताटात टाकायचं नाही, खोटं बोलायचं नाही, मोठ्या माणसानं काही दिलं तर नको म्हणायचं नाही. पाटीवर अ यायच्या आधी हे पाठ होतं. वजन उतरावं म्हणून डॉक्टरांनी पोट कापून केळ्याएवढं केलं, पण हे काही कापून निघालं नाही.

२१ जानेवारी

हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालेल्यांची बैठक होती. आहाराच्या विशाखा मॅडमनी सगळ्यांच्या जोड्या लावल्या. जेवताना एकमेकांना फोन करायचा. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं चावायचं, मग उलट. म्हणजे गिळायची घाई होत नाही.

माझ्या वाट्याला साळूबाई! ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या कॉटवर होत्या त्याच, वैजापूरच्या. तेव्हा नळ्या लावलेल्या असताना मला विचारलं होतं, "पोरी, तू कशापायी आलीस गं? तू तर अजून तरणी हायस." मी वजन सांगितलं. "मग बरोबर हाय," म्हणाल्या.

ह्यांचे यजमान काकासाहेब, कांद्याचे आडते. घरात फक्त त्यांनाच खरं माहीत. बाकी भावकीला सांगितलंय, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन. एवढं मोठं खोटं रोज कसं सांभाळायचं?

२७ जानेवारी, मंगळवार

ऑफिस सुरू झालं. एक वाजता गच्चीच्या जिन्यात बसते, फोन स्पीकरवर. आधी साळूबाई बोलतात आणि मी मूगडाळ चावते. त्यांच्याकडे गोष्टी संपतच नाहीत. काल शेजारणीची म्हैस थेट मोंढ्याच्या बाजारात गेली म्हणे, आणि काकासाहेबांच्या गादीसमोर बसली, "जशी काय भाव इचारायला आलीया!" हसून ठसका लागला. हसताना चावायचं नाही असं मॅडमना सांगायला हवं.

माझी पाळी आली की मला काही सुचत नाही. शेवटी गाडीच्या विम्याचे नियम सांगितले — काच फुटली तर काय, पुरात बुडाली तर काय. त्यांनी सगळं ऐकलं.

"लई निवांत जेवले बघ आज. असंच कायतरी बिनकामाचं सांगत जा."

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज त्या बोलेचनात. खोदून विचारलं तेव्हा कळलं. मुलाचं लग्न आहे, सत्यमचं, वीस तारखेला, वेरूळच्या एका लॉन्सवर. मुलगी सोयगावची, संध्या. ऑपरेशन आधी ठरलं होतं, लग्न नंतर जुळलं.

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं काय? विहिणीची पंगत हाय ना!"

मला नीट माहीत नव्हतं. आमच्या विहारात झालेली लग्नं साधी असतात. त्यांनी सांगितलं: मुलाच्या आईला पाटावर बसवतात, भोवती रांगोळी, उदबत्ती. मुलीकडची एकेक बाई येऊन घास भरवते. पुरणपोळी, जिलबी, वर तुपाची धार. घास परत केला की विहिणीचा अपमान. त्यांच्या नणंदेनं पूर्वी एकदा नुसतं तोंड वाकडं केलं होतं, तर दोन्ही घरं अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत!

"रत्नमालाबाई लई मानी बाई हाय," म्हणाल्या. म्हणजे संध्याची आई. "तिनं हौसेनं भरवायचं अन् म्या ओकायचं? पोरगी नांदायला यायच्या आधीच दोन घरात इस्तू पडंल."

८ फेब्रुवारी, रविवार

मी म्हटलं, खरं सांगा. आधीच फोन करून सांगा.

"काय सांगू? खाऊन खाऊन इतकी फुगले, की पोट कापावं लागलं म्हणू? साऱ्या सोयगावात हसं करू?"

मग उपवासाची युक्ती काढली. वीसला शुक्रवार आहे! पाच मिनिटं खूश होत्या. मग स्वतःच म्हणाल्या, "नगं. उपास म्हटलं की साबुदाण्याचं पातेलंच आणून ठेवतील म्होरं."

हसलो दोघी. पण मला झोप येईना. पुरण आणि तूप एकदम गेलं तर काय होतं ते मॅडमनी सांगितलंय — घाम, चक्कर, उलटी.

१३ फेब्रुवारी

मला पंगतीत शेजारी बसवणार आहेत! घास घेऊन येणारीला मी बोलण्यात गुंतवायचं, तेवढ्यात त्या कणभर तोडून बाकीचं पानाखाली सारणार. ओळख करून देणार 'भाची' म्हणून.

मी म्हटलं, मी भाची नाही.

"अगं मानलेली!"

"मग 'मानलेली' म्हणा. नुसतं भाची म्हणू नका."

"बरं बाई. तुझ्यासंगट खोटं बोलायचं म्हंजी वकील लावावा लागंल."

हो म्हणून बसले. अन्न पानाखाली सारायचं... ते चालेल का? पप्पांना विचारलं. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "जा तू. तिला सोबत पाहिजे."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आईनं जांभळी साडी काढून दिली. ब्लाउज इतका सैल झालाय की आतून चार टाके घातले. आरशासमोर उगीचच दोनदा वळून पाहिलं!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कसं लिहू? लाज वाटतेय. पण आता हसूही येतंय.

साळूबाई पाटावर, मी शेजारी. रांगोळीत दोन मोर काढलेले. आधी सगळं ठरल्याप्रमाणे! मी येणाऱ्या प्रत्येकीला तिच्या साडीबद्दल विचारत होते, साळूबाई कणकण खात होत्या. एक मावशी तर साडीच्या दुकानाचा पत्ता सांगण्यात घास द्यायचाच विसरली.

मग स्वतः रत्नमालाबाई आल्या. उंच, ताठ, नाकात मोठी नथ. सकाळपासून सगळ्यांना वाढत होत्या, "मी मागून बसते" म्हणत होत्या. साळूबाईंना घास दिला आणि माझ्याकडे वळल्या! "आमच्या विहीणबाईंची भाची म्हंजी आमची बी लेकच," आणि तुपात बुडवलेला पुरणपोळीचा घास माझ्या ओठापाशी.

याचा विचारच आम्ही केला नव्हता! सगळी तयारी साळूबाईंची. मी 'नको' म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द. पण मोठी बाई, हसून देतेय... मी तोंड उघडलं. चावायलाही लाजले. सगळ्या बघत होत्या ना! तसाच गिळला. "अजून एक, जोडीनं," म्हणाल्या. तोही घेतला.

थोड्याच वेळात कानात शिट्ट्या. घाम. छातीत धाड धाड. आणि मी डाव्या बाजूच्या मोरावर ओकले.

कुणीतरी म्हणालं, "असं कसं, अन्नात काय पडलं का?" रत्नमालाबाईंचा चेहरा उतरला. तरी एकजण लिंबाचं सरबत घेऊन पुढे आली, साखर घातलेलं! तेव्हा साळूबाई पाटावरून उठल्या. पंगतीतून उठल्या!

"थांबा! काय बी देऊ नका तिला! अन्नाला नावं ठेवू नका, अन्न चांगलंच हाय. तिचं पोट बारीक केलंय डॉक्टरनं. अन् माझं बी! खडे-बिडे काय नव्हते. वजनापायी कापून घेतलं म्या. आता हसायचं तर हसा!"

कुणी हसलं नाही. मग त्यांच्या एक म्हाताऱ्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी तुला पोळी नाय चालत? मग माझ्या पानात टाक की. बघत काय बसलीस!" मग मात्र सगळ्या हसल्या.

एक सोडून. रत्नमालाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि आत निघून गेल्या. मुलीला निरोप देतानाही साळूबाईंकडे पाहिलं नाही.

२१ फेब्रुवारी

बरी आहे. विशाखा मॅडम रागावल्या, मग बराच वेळ मोराबद्दल विचारत होत्या.

सगळं माझ्यामुळे झालं. साळूबाईंना तसं म्हटलं तर ओरडल्या, "गप. तू ओकली नसतीस तर म्या ओकले असते. अन् म्या मोठी हाय, दोन्ही मोर गेले असते."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आता आमच्या फोनवर तिसरा आवाज आहे! संध्या. साळूबाई चावत असताना तीच बोलते, आणि छान बोलते. सासू मुद्दाम पाणी घ्यायला गेली की चहाड्याही करते. काकासाहेबांनी स्वतःहून घरी छोट्या वाट्या आणल्या, सगळ्यांनाच. भावकीतल्या दोघीजणी डॉक्टरांचा पत्ता मागून गेल्या.

पण रत्नमालाबाई साळूबाईंचा फोन घेत नाहीत. संध्याशीही जेवढ्यास तेवढं. "आईला काय झालंय तेच कळंना," म्हणत होती. आवाज एकदम बारीक झाला. साळूबाई म्हणाल्या, "तिच्या पंगतीतून उठले ना म्या. जाते सोयगावला, पाया पडते तिच्या." संध्या म्हणाली, "मुलाची आई कुठं पाया पडती का?" त्यावर साळूबाई, "ही पडती."

मीही येणार म्हटलं. रविवारी जायचं ठरलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

एक वाजता अनोळखी नंबर. रत्नमालाबाई! संध्याकडून घेतला म्हणे. मी माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. तुला घास देताना मलाच कळायला पाहिजे होतं."

मग तिकडे दार लावल्याचा आवाज आला.

"दोन वर्षं झाली माझ्या बी पोटाच्या ऑपरेशनला, तुमच्यासारख्याच. ह्यांच्याबिगर कुणालाच ठावं नाय. संध्यालाबी नाय. सगळ्यांना वाढायचं, मागून बसते म्हणायचं, अन् दार लावून चार घास खायचे. विहीणबाई एवढ्या बायांत उभी ऱ्हाऊन बोलली, अन् म्या आत जाऊन रडत बसले. उद्या येताय ना? तिथंच सांगणार हाय संध्याला, तुमच्या समोर. आधी तुला सांगून बघितलं — जमतंय का म्हणून."

"जमलं की!" मी म्हटलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "जमलं गं."