न विचारता चालायची वाट

१२ मे

फाटक! आमच्या गल्लीच्या टोकाला, डोंगरात जाणारी जुनी गाढववाट सुरू होते तिथेच, भलंमोठं लोखंडी फाटक. वर पाटी : ‘खाजगी मालमत्ता. फक्त हॉटेलच्या पाहुण्यांसाठी.’ या जमिनीचा मालक म्हातारा थर्लो हिवाळ्यात गेला आणि त्याच्या लेकीनं, नोरीननं, सगळी जमीन हॉटेलवाल्यांना विकून टाकली. थडग्यावरची माती तरी बसू द्यायची!

लग्न झालं त्या वर्षी नाल्दोनं मला पहिल्यांदा या वाटेनं वर खिंडीत नेलं. तो गेल्यापासून एकटी जाते. ट्यूसनच्या वाळवंटी उन्हात उजाडायच्या आत निघायचं, खडकातल्या कुंडाशी बसून बरोबर आणलेली टोर्टिया खायची आणि ऊन तापायच्या आत घरी. चर्च रविवारी, हे रोज. आणि हे मला पाटी दाखवणार?

फाटकाशेजारच्या कुंपणाच्या तारेखालून वाकून गेले. पाठ दुखतेय. दुखू दे.

१३ मे

आजही गेले.

१९ मे

शेजारची डेल्फिना बरोबर आली. निम्मी वाट कुरकुर. "अगं तेंचा, या वयात तुरुंगात टाकलं तर तिथली कॉफी चालणार आहे का तुला?" म्हटलं, थर्मास भरून नेईन. हसून हसून तिला दम लागला, उंच सग्वारो निवडुंगाच्या सावलीत बसवावं लागलं. सावली ती केवढी? दोन म्हाताऱ्या एकामागे एक बसल्या तर पुरेल एवढीच.

२ जून

आज हॉटेलचा मॅनेजर मागे लागला. ब्राइस नाव. पोरसवदा, गुळगुळीत, बाहेरगावचा. "मॅडम, थांबा!" करत वाट सोडून आडवा पळाला तो थेट चोया निवडुंगात. पोटरीला काट्यांचा गोळा! तो हातानं ओढायला गेला, मग हातालाही! माझ्या पाठपिशवीत कंगवा असतोच. केसांसाठी नव्हे, ते आता उरलेत कुठे? चोया काढायला. दगडावर बसवला, कंगव्यानं गोळे उडवले. काय बोंबलला! शत्रू झाला म्हणून काय, काटा तर काढायलाच हवा.

मग मी वर गेले. त्याला लंगडत खाली जाताना बघितलं आणि बरं वाटलं. लिहून ठेवते, खोटं कशाला बोलू?

५ जून

ब्राइस घरी आला. हातात फाटकाची किल्ली. "मिसेस ब्राकामोंते, ही फक्त तुमच्यासाठी. जन्मभर. केव्हाही या, तुम्हाला कोणी अडवणार नाही." चेहरा इतका साधा, की मला क्षणभर मोह झाला. पाठ काय म्हणते ते मलाच ठाऊक! डेल्फिना मागून कुजबुजतेय, "घे की गं, घे की!"

तेवढ्यात सुचलं म्हणून ओचोआंच्या मारिसेलाला फोन लावला. ती वकील झालीय. ती ओरडलीच, "तेंचाकाकू, हात लावू नका त्या किल्लीला! लोक वर्षानुवर्षं कोणाला न विचारता चालले, तर वाट लोकांची होते. तुम्ही परवानगी घेतलीत, की ती मालकाची मेहेरबानी झाली. आज दिली, उद्या काढून घेतील."

किल्ली फाटकालाच अडकवून आले. आणि तारेखालून गेले! मारिसेला दावा लावतेय.

१८ ऑगस्ट

माझं थोबाड! आज जबानीत हॉटेलच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, थर्लोशी संबंध कसे होते? म्हटलं, कसले संबंध, तुसडा माणूस! तरी आम्ही दर नाताळात तमालेसचं पातेलं त्याच्या दारी पोचवायचो. नाताळात मक्याच्या पानात पीठ-मटण गुंडाळून तमालेस उकडायचे आणि शेजाऱ्याला द्यायचे नाहीत? आईनं कान उपटले असते. वकील हसला. "म्हणजे वाटेनं जाऊ देतात म्हणून दरवर्षी भेट. परवानगीच की ही!"

मारिसेलाचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाल्दोची वाट मी तमालेसवर घालवली?

२० ऑगस्ट

मारिसेला म्हणाली, "आठवा काकू. पातेलं घेताना तो काय म्हणायचा?"

आठवायचं काय? ठरलेलं होतं. पातेलं ओढून घ्यायचा आणि गरजायचा, "तमालेस घेतो! पण वाटेला माझा होकार नाही! आजही नाही, उद्याही नाही!" दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो की व्हरांड्यातून गल्लीला ऐकू जाईल असं, "कोणाच्या बापाची वाट समजलात?" नाल्दो नुसती टोपी उंचावायचा, आणि आम्ही पुढे. थर्लोनं अडवलं मात्र कधी नाही. भुंकणारं कुत्रं, म्हणायचे मी.

मारिसेला खुर्चीतून उठलीच. "हेच हवंय! कोणी ऐकलंय?" जुने शेजारी गेले, नाल्दो गेला, डेल्फिना दर नाताळात लेकीकडे असते. राहिली नोरीन. तिच्यापुढे पदर पसरू? वाट विकणारीपुढे? मरेन, पण जाणार नाही!

२१ ऑगस्ट

गेले. डेल्फिनानं ओढत नेलं. नोरीन दारातच म्हणाली, "येईन." तिनं कॉफी विचारली नाही, मीही बसले नाही.

२४ सप्टेंबर

नोरीननं कोर्टात बापाची गर्जना जशीच्या तशी करून दाखवली. तोच आवाज! ब्राइस खाली बघत होता.

८ ऑक्टोबर

वाट लोकांची! न्यायाधीशबाई म्हणाल्या, असं ओरडणाऱ्यानं परवानगी दिली म्हणणं कठीण आहे. डेल्फिना कोर्टातच नाचली. फाटक काढतायत.

९ ऑक्टोबर

ताठ उभी राहून गेले. खिंडीत नाल्दोला सांगितलं, तुझ्या त्या थर्लोला हरवलं.

११ ऑक्टोबर

नोरीन आली. हातात माझंच पातेलं, शेवटच्या नाताळाचं, घासून लख्ख. म्हणाली, "तुम्ही गेलात की बाबा दार लावून हसत हसत तमालेस खायचे. मी एकदा म्हटलं, का उगाच ओरडता त्या भल्या माणसांवर? तर म्हणाले, 'मी मेल्यावर तू जमीन विकणार, मला ठाऊक आहे. मी एकदा जरी हो म्हटलं, तर त्यांची वाटही विकली जाईल. म्हणून ओरडतो.'"

आज तिला बसवलं. कॉफी केली. पातेलं परत चुलीशेजारी ठेवलं.

नाताळात जास्तीचे तमालेस उकडीन. थर्लोच्या थडग्यावर नेऊन ठेवीन. न विचारता.