चिमीचा आयत

ती. अक्का,

तुझ्या पायांवर मनातल्या मनात डोकं ठेवतो (प्रत्यक्ष वाकलो, तर उठवायला माणसं बोलवावी लागतील). खोकला कसा आहे? इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

सूनबाई गेल्यापासून चिमी माझ्याच गळ्यात आहे, कारण तुझा भाचा पहाटे कारखान्यात जातो आणि आला की भिंतीकडे तोंड करून पडतो. त्यात बालवाडीच्या बाईंनी फर्मान काढलं: हिला आकार ओळखता येत नाहीत, घरी करून घ्या. जन्मभर बस चालवलेला माणूस मी (हातात आकार एकच, गोल), तरी पुठ्ठे कापायला बसलो. सूनबाईच्या औषधांची खोकी अजून कुणी टाकलेली नाहीत, त्यामुळे पुठ्ठ्याला तोटा नव्हता. गोल बटाट्यासारखा झाला. चौकोन सरळ करता करता नखाएवढा उरला. त्रिकोण तेवढा बरा जमला, तर त्याचं टोक चिमीने नाकात घातलं आणि आमची वरात डॉक्टरांकडे. ते म्हणाले, "आजोबा, जरा मोठे कापत जा."

मग कात्री ठेवली आणि घरातच आकार शोधले. ताटली गोल, फरशी चौकोन. आयत दाखवायला मी काही विचार न करता भिंतीवरच्या सूनबाईच्या फोटोकडे बोट केलं. पोरीने नेमका तेवढाच पक्का केला. दुसऱ्या दिवशी बाईंनी आयत वर धरून विचारलं, "हे काय?" ही म्हणाली, "आई." बाई म्हणाल्या, "नीट बघ." हिने नीट बघितलं आणि म्हणाली, "आईच." मग दार आई, फळा आई. पोरं हसली, तीही हसली. हे मला सांगताना बाई मात्र पुसलेलाच फळा पुन्हा पुसत होत्या.

मी घरी ते गंमत म्हणून सांगितलं (माझी अक्कल तुला ठाऊकच आहे). तुझा भाचा जेवता जेवता उठला, फोटो उतरवून कपाटात ठेवला. त्यामागचा भिंतीचा रंग तेवढाच उजळ राहिलाय. चिमीने त्यावरून हात फिरवला आणि पहिल्यांदाच बरोबर म्हणाली, "आयत."

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी तुझा भाचा फोन करेल. "आत्या, बाबांच्याने आता होत नाही, चिमीला तुझ्याकडे ठेव," म्हणेल. वर लिहिलेलं सगळं तोही सांगेल, आणि ते खरं आहे. तरी नाही म्हण.

ता. क. दुसरा. कारण काहीही दे, फक्त "बाबांना विचार" म्हणू नकोस. मला विचारलं, तर मी घेऊन जा म्हणेन.