राहिलेला दीड तास

७८६
पौड, ता. ९ डिसेंबर १९८२

चि. अन्वर यास हसिनाआपाचा सलाम आणि पुष्कळ दुवा. अल्लाच्या मेहेरबानीने इकडे सगळे सुखरूप आहेत. अम्माची तब्येत उत्तम, दोन्ही वेळा जेवते. तुला तिकडचं पाणी मानवलं का, उन्हात डोक्याला रुमाल बांधतोस का, ते कळव. तू पोहोचल्याचं पत्र पंधराव्या दिवशी मिळालं. (एकाच कागदात सगळं बसवायचं आहे, म्हणून अक्षर बारीक काढते.)

एक गोष्ट कबूल करायची आहे. तुझं विमान हवेत असेपर्यंत जानमाजवरून उठायचं नाही, दरुद पढत राहायचं, अशी मी मन्नत मानली होती. तिकिटावरच्या वेळा वहीत उतरून ठेवल्या होत्या. मुंबई सकाळी नऊ, दुबई साडेदहा. वजाबाकी केली, दीड तास आला. (मॅट्रिकला गणितात बासष्ट गुण होते, तुला ठाऊक आहेच.) त्याप्रमाणे नऊला बसले, साडेदहाच्या ठोक्याला उठले, अन्वर उतरला म्हणून अम्माला सांगितलं. तिने आळीत साखर वाटली, अगदी गोजराबाईच्या शेळ्या राखणाऱ्या सुनेलासुद्धा. मी कालवणाला लागले.

संध्याकाळी कोंडाजी गुरुजी चहापत्ती न्यायला दुकानात आले. ते म्हणाले, तिथली घड्याळं आपल्या दीड तास मागे, तिकिटावर ज्या त्या गावची वेळ छापतात. शाळेच्या नकाशावर दोरा धरून त्यांनी बाराशे मैल मोजले होते. विमानाला तीन तास लागतात. (पौडहून मुंबई गाठायला तुला एसटीने सात लागले.) म्हणजे तू भर समुद्रावर होतास आणि मी कांदा चिरत होते.

मी तशीच वजू करून उरलेला दीड तास भरायला बसले, तर तुझे दुल्हाभाई दारातून म्हणतात, "आता विमान कुटं ढकलतीस? त्ये कवाच उतरलंय." चेष्टा करण्याची ही बाब नव्हे. निम्मा समुद्र तू माझ्या दुवेवाचून ओलांडलास, ते मनातून जात नाही.

दुकानातले सगळे तुला सलाम सांगतात.
तुझी आपा,
हसिना

ता. क. येताना तिकिटावर साडेचार तास दिसतील. खरे तीनच असतात, तरी मी साडेचार बसणार, म्हणजे मागचा दीड भरून निघेल. त्यासाठी तारीख आणि वेळ अगोदर कळव.

ता. क. दुसरा, कडेला लिहिते. वरचं पत्र अम्माला वाचून दाखवायचं होतं, म्हणून तिची तब्येत उत्तम लिहिली. ती आठ दिवस अंथरुणावर आहे, पेजेखेरीज काही जात नाही. सेठच्या पाया पड, पण रजा माग. दोन वर्षांच्या कराराचं मी तिला बोललेले नाही, तिला तीन तासच ठाऊक आहेत. रोज नऊ वाजले की विचारते, "अन्वर निघाला का गं?" मी नाही म्हटलं की म्हणते, "मंग आज बाराला काय येत न्हाई," आणि भिंतीकडे तोंड करून निजते.